तिचे वकीलपत्र कोणी दिले?

७ फेब्रुवारी हा माता रमाईंचा जयंतीदिन. त्या आठवड्यात वस्त्यावस्त्यांतून व्याख्याने होतात, गाण्यांचे कार्यक्रम होतात, एकांकिका होतात. अशाच एका वस्तीतील एकांकिका स्पर्धेला परीक्षक म्हणून मला बोलावण्यात आले होते. पाच एकांकिका सादर झाल्या. पाचही लिहिणारे आपलेच तरुण. कुणी एम.एस.डब्ल्यू. झालेला, कुणी बी.एड. करणारा, एक तर दिवसभर रिक्षा चालवून रात्री लिहिणारा. तळमळीत कुणीही कमी नव्हता. परंतु वकिलाच्या हाताला उलटतपासणीची खोड असते. गुणपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी दोन रकाने आखले. पहिल्यात लिहिले, 'या बाईने काय सोसले?' दुसऱ्यात लिहिले, 'या बाईने काय ठरवले?'

पहिला रकाना भरून गेला. उपासमार, बाळाचे मरण, नवऱ्याचा मार, गावगुंडांचा अत्याचार, फाटके लुगडे, गोवऱ्या. दुसऱ्या रकान्यात पाच एकांकिका मिळून एकच ओळ उतरली. एका आजीने नातीचे लग्न दहावीच्या परीक्षेपर्यंत पुढे ढकलले, एवढीच. बाकी सर्व ठिकाणी ठरवणारा पुरुष होता. संघर्ष करणारा मुलगा, संघर्ष करणारा बाप, भाषण करणारा कार्यकर्ता. बाई होती ती त्यांच्या पाठीमागे, पदराने डोळे पुसत. शेवटच्या प्रवेशात तिच्या डोक्यावर निळा प्रकाश पडला आणि सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या मीही वाजवल्या. घरी येताना मात्र तो दुसरा रकाना डोळ्यांपुढून हलेना.

हा पाच तरुणांचा दोष नव्हे. त्यांनी जे वाचले, जे पाहिले, तेच लिहिले. म्हणून प्रश्न त्यांना विचारण्यापेक्षा आपण सर्वांनी स्वतःला विचारला पाहिजे. पुरुष लेखक जेव्हा कथेत, नाटकात, गाण्यात बाई उभी करतो, तेव्हा तिच्या वतीने बोलण्याचे वकीलपत्र त्याला कोणी दिलेले असते?

हा प्रश्न आपल्याला नवा वाटू नये. आपल्या साहित्याच्या चळवळीचा जन्मच या प्रश्नातून झाला. प्रस्थापित मराठी साहित्यात दलित माणूस होता, पण तो कसा होता? दयेचा विषय होता. प्रामाणिक गडी होता, गरीब बिचारी मोलकरीण होती. आपल्या लेखकांनी ठणकावून विचारले की, आमचे दुःख तुम्ही कोणत्या अधिकाराने लिहिता? सहानुभूती वेगळी आणि स्वानुभव वेगळा, हे माप आपण त्यांच्यापुढे ठेवले, आणि ते योग्यच होते. पण माप एकदा बाजारात आणले की ते सर्वांना लावावे लागते. सवर्ण लेखकाला लावलेले माप आपल्या घरातील पुरुष लेखकाला लावायचे नाही, हा न्याय नव्हे. गोपाळ गुरू यांनी १९९५ साली दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याविषयी इंग्रजीत लेख लिहिला. आपल्या वतीने सवर्ण स्त्रियांनी बोलायचे आणि आपल्याच समाजातील पुरुषांनीही बोलायचे, या दोन्ही गोष्टींना दलित स्त्रीचा आक्षेप का आहे, याची चर्चा तेव्हापासून चालू आहे. आपल्या एकांकिकांपर्यंत ती चर्चा अजून पोहोचलेली नाही.

येथे माझ्याच व्यवसायातील एक चूक सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी पोटगीचे एक प्रकरण माझ्याकडे आले. चार घरची धुणीभांडी करून दोन मुलांना शिकवणारी बाई. नवऱ्याने दुसरे घर केलेले. मी नेहमीच्या पठडीत अर्ज लिहिला, 'अर्जदार ही अबला, निराधार व असहाय स्त्री असून...' सही घेण्यापूर्वी मजकूर वाचून दाखवायचा असतो, म्हणून वाचून दाखवला. बाई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "वकीलसाहेब, ही कोन बाई हो? ही मी न्हाई. निराधार मी कशापायी? पोरांचा आधार तर मीच हाय. त्यानं पोरांचं पैसं बुडवल्यात, ते मागाया आले मी."

मी गडबडलो. मग तिला कायदा समजावू लागलो. पोटगी मागणाऱ्या पत्नीला स्वतःचा निर्वाह करता येत नाही असे दाखवावे लागते, वगैरे. पण खरे सांगायचे तर कायद्यालाही ती 'अबला' लागत नव्हती. बाई थोडेफार कमावते एवढ्यावरून तिचा पोटगीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आधीच स्पष्ट केलेले होते. अबला ही कायद्याची गरज नव्हती, ती माझ्या लेखणीची सवय होती. अर्ज नव्याने लिहिला. त्यात तिची कमाई आली, खोलीभाडे आले, शाळेची फी, किराण्याची उधारी आली, आणि 'अबला' हा शब्द गेला. दुसरा अर्ज पहिल्यापेक्षा खरा तर होताच, पण कायद्याच्या दृष्टीनेही अधिक भक्कम होता.

त्या बाईला एक संधी होती. मजकूर वाचून दाखवला, समजला, तो खरा व बरोबर आहे, असे लिहिल्याशिवाय आणि तिने सही केल्याशिवाय तो कागद कोर्टात जाऊ शकत नव्हता. म्हणून तिला म्हणता आले की, ही मी नव्हे. कथेतील बाईला ही सोय नाही. ती सही करीत नाही, अंगठा देत नाही. लेखकाने लिहिले की ती रडली, म्हणजे ती रडली. लेखकाने लिहिले की तिने क्षमा केली, म्हणजे तिने क्षमा केली. तिला आक्षेप घेता येत नाही, आणि म्हणूनच लेखकाची जबाबदारी वकिलापेक्षा मोठी आहे.

कुणी म्हणेल, कथा-नाटकातील बाईचे एवढे काय घेऊन बसलात? कागदावरची बाई ती. यावर माझे उत्तर असे की, कागदावरची बाई खऱ्या बाईचे आयुष्य कसे उद्ध्वस्त करते ते पाहायचे असेल तर न्यायालयाचे निकाल वाचा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची फिर्याद झाली. सत्र न्यायालयाने निकालपत्रात जी मथुरा उभी केली ती खोटारडी होती, शरीरसंबंधांची सवय असलेली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आरोपींना दोषी धरले. पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तो तर्क. पोलीस ठाण्यात रात्री दोन वर्दीधारी पुरुषांपुढे उभी असलेली आदिवासी पोर कशी वागेल, याची कल्पना न्यायासनावरील पुरुषांना करता आली नाही. त्यांनी आपल्या मनातली बाई तिच्या जागी उभी केली आणि ती बाई तशी वागली नाही म्हणून मथुरेला खोटे ठरवले. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. तरीही फिर्यादी स्त्रीच्या 'अनैतिक चारित्र्या'वर बोट ठेवण्याची मुभा देणारे कलम पुरावा कायद्यातून जायला २००२ सालची दुरुस्ती यावी लागली. २०२३ साली तर खुद्द सर्वोच्च न्यायालयाला न्यायाधीश आणि वकिलांसाठी एक पुस्तिका काढावी लागली. निकालपत्रात आणि युक्तिवादात बाईविषयी कोणते साचेबंद शब्द वापरू नयेत, याची ती पुस्तिका. म्हणजे बाई लिहायची कशी, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही टाळता आला नाही.

आणि खैरलांजी? २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा भोतमांगे, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांची हत्या झाली. प्रेते सापडली त्याबरोबर सुरेखाताईंच्या चारित्र्याच्या कहाण्याही गावात आणि छापील मजकुरात फिरू लागल्या. ती एक रचलेली व्यक्तिरेखाच होती. खरी सुरेखा कोण होती? आपल्या शेतजमिनीसाठी उभी राहिलेली, लेकीला शिकवणारी, आणि एका मारहाणीच्या प्रकरणात न घाबरता साक्ष देणारी बाई. ती साक्षीदार होती म्हणून मारली गेली. जातदांडग्यांनी रचलेल्या सुरेखेविरुद्ध आपण मोर्चे काढले, ते योग्यच केले. पण आपण स्वतः सुरेखेवर गाणी रचली, पथनाट्ये केली, त्यांत किती ठिकाणी साक्ष देणारी सुरेखा आली आणि किती ठिकाणी केवळ विटंबना झालेला देह आला, हेही एकदा मोजले पाहिजे. तिचा देह पुन्हा पुन्हा रंगमंचावर आणला आणि तिची साक्ष मात्र विसरलो, तर आपण तिच्या बाजूने लिहिले असे म्हणता येईल काय?

मग पुरुषाने बाई लिहूच नये काय? असे माझे म्हणणे मुळीच नाही. तसे म्हटले तर आपल्याच परंपरेतील काही थोर पाने फाडून टाकावी लागतील. १८५५ साली महात्मा जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. भटजोशाने नाडलेले कुणबी जोडपे त्यात आहे. बायको गरोदर आहे, ग्रहांच्या भीतीने दोघे लुबाडले जातात. एखाद्या लेखकाने तिला रडत ठेवून पडदा पाडला असता. जोतीराव शेवटी नवराबायको दोघांनाही शिकण्याच्या निर्णयापर्यंत आणतात. बाई फसली, पण फसलेली राहिली नाही. कुणब्याच्या बायकोला शिक्षणाकडे वळवूनच ते नाटक संपते. आज पावणेदोनशे वर्षे होत आली, आपल्या किती नाटकांचा शेवट असा होतो?

त्यानंतर १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध लिहिला. निमित्त होते सुरतेच्या न्यायालयात चाललेल्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेच्या खटल्याचे. बाळाच्या हत्येबद्दल तिला शिक्षा झाली आणि तेव्हाची वर्तमानपत्रे सगळ्या स्त्रीजातीवर तुटून पडली. ताराबाईंनी नुसता त्या वर्तमानपत्रांचा समाचार घेतला नाही. पुराणांत, नाटकांत, कादंबऱ्यांत पुरुषांनी ज्या बायका रंगवल्या त्यांचीही त्यांनी खरडपट्टी काढली. पुरुषाने लिहिलेली बाई खोटी आहे, हे एका बाईने मराठीत छापून सांगितले. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला तेव्हा १८८५ साली 'सत्सार'मधून जोतीराव ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. स्वतः बाई लिहिणारा पुरुष, आणि बाईने पुरुषांच्या लिखाणाची झडती घेतली तेव्हा तिची बाजू घेणाराही तोच पुरुष. आपला वारसा हा आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर तर याच्याही पुढे गेले. भारतीय स्त्रीच्या अधोगतीला बुद्ध जबाबदार आहे, असा आरोप करणारा एक लेख प्रसिद्ध झाला होता. त्याला उत्तर म्हणून बाबासाहेबांनी हिंदू स्त्रियांच्या उन्नती आणि अवनतीवरील निबंध लिहिला, तो १९५१ साली प्रसिद्ध झाला. महापरिनिब्बान सुत्तात आनंद आणि भगवान बुद्ध यांचा एक संवाद आहे. स्त्रियांशी कसे वागावे असे आनंद विचारतो आणि त्यांच्याकडे पाहूच नये, बोलूच नये अशा आशयाची उत्तरे बुद्धाच्या तोंडी आहेत. बाबासाहेबांनी बॅरिस्टरच्या शिस्तीने त्या मजकुराची उलटतपासणी केली. विशाखा, आम्रपाली, भिक्षुणी संघ यांच्याशी बुद्धाचे वागणे ज्या माणसाने पाहिले तो आनंद असा प्रश्न विचारीलच कसा? सुत्ते शेकडो वर्षे तोंडी चालत आली आणि नंतर भिक्खूंच्या हातून लिहिली गेली, तेव्हा हा मजकूर मागाहून घुसडलेला आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ग्रंथ धम्माचा असला तरी त्यातील बाई कोणाच्या हातून लिहिली गेली आहे हे तपासून घ्या, हा बाबासाहेबांचा धडा आहे.

आणि त्यांनी स्वतः बाई लिहिली ती कशी लिहिली? 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' यातील यशोधरा पाहा. परंपरेने सांगितले की मध्यरात्री पत्नी झोपेत असताना सिद्धार्थ निघून गेला. यशोधरा झोपलेली आहे, म्हणजे तिला काही विचारण्याचा, तिने काही म्हणण्याचा प्रश्नच येत नाही. बाबासाहेबांनी यशोधरेला जागे ठेवले. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत युद्धाचा ठराव झाला, सिद्धार्थाने त्याला विरोध केला आणि परिव्रज्या पत्करली. हे तो यशोधरेला येऊन सांगतो. ती खचून जात नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केले असते, राहुलला सांभाळायचे नसते तर मीही परिव्रज्या घेतली असती, अशा अर्थाचे ती बोलते. पुढे बुद्ध कपिलवस्तूला परततात तेव्हा सगळे भेटायला धावतात, यशोधरा जात नाही. माझी काही योग्यता असेल तर तेच येऊन मला भेटतील, असे तिचे म्हणणे, आणि बुद्ध तिच्याकडे जातात. माझ्या त्या दुसऱ्या रकान्यात बाबासाहेबांच्या यशोधरेचे किती निर्णय बसतात ते वाचकांनीच मोजावे. पुढे हिरा बनसोडे यांनी 'यशोधरा' ही कविता लिहून तिच्या दुःखाची वेगळी विचारपूस केली. बाबासाहेबांनी लिहिले म्हणून यशोधरेवरचा शेवटचा शब्द झाला, असे एका आंबेडकरी कवयित्रीने मानले नाही. यात बाबासाहेबांचा अवमान नाही, त्यांच्याच पद्धतीचा तो विस्तार आहे.

ही पद्धत धम्मातही जुनी आहे. थेरीगाथा हा स्त्रियांच्या स्वतःच्या उद्गारांचा संग्रह आपल्या परंपरेत आहे. सोमा थेरीला मार डिवचतो की, ऋषींना मिळणारे ते स्थान दोन बोटे बुद्धीच्या बाईला कोठून मिळणार? चित्त एकाग्र झाले आणि ज्ञान उमगले, तेथे बाईपणाचा अडसर कसला, असे सोमेचे उत्तर आहे. बाईची बुद्धी मोजणारा तो मार आपल्या लेखणीतही शिरू शकतो, हे पुरुष लेखकाने विसरू नये.

आपल्या आधुनिक साहित्यातही पुरुषाने बाई जीव ओतून लिहिल्याची उदाहरणे आहेत. बाबूराव बागूल यांची 'आई' ही कथा घ्या. शाळेत गुरुजी आईवरची कविता शिकवतात आणि वर्गातील पोरे पांडूला त्याच्या आईवरून टोचून बोलतात. विधवा आई एका मुकादमाकडे ओढली गेलेली आहे. बागूल त्या बाईला देवी करीत नाहीत आणि बदफैलीही ठरवीत नाहीत. तिला भूक आहे, भीती आहे, लेकरावर माया आहे आणि स्वतःच्या देहाची ओढही आहे. मुलाला ते सोसत नाही, हेही बागूल लपवीत नाहीत. १९७० च्या 'सूड'मध्ये तर त्यांनी बाईपण हीच बेडी मानून ते झुगारू पाहणारी जानकी उभी केली. या लिखाणाशी मतभेद होऊ शकतात, पण ही बाई लेखकाच्या भाषणाचे भोंगे नाही. ती लेखकालाही अडचणीत आणते. पुरुषाने लिहिलेली बाई खरी आहे की नाही याची माझ्या मते ही एक चांगली खूण आहे. ती कधीतरी लेखकाच्या मनाविरुद्ध वागते काय?

असे असताना आपल्या गाण्यांत आणि नाटकांत आई-बहीण-पत्नी एवढ्या एका सुरात का रडते? कारण सोपे आहे. सोसणारी बाई लिहायला चौकशी लागत नाही. ठरवणारी बाई लिहायची तर तिच्याकडे जाऊन बसावे लागते, तिचे ऐकावे लागते, आणि ऐकताना आपल्याविषयीही काही ऐकावे लागते. आता बायकांनी स्वतः लिहिलेले भरपूर उपलब्ध आहे, त्यामुळे माहिती नव्हती ही सबबही उरलेली नाही. १८५५ साली मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' आहे, कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' आहे, ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' प्रसिद्ध करून चळवळीतील स्त्रियांच्या कार्याची नोंद केली. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित वर्ग महिला परिषदेत हजारो स्त्रिया जमल्या आणि घटस्फोटाच्या हक्काचा व बहुपत्नीत्वाच्या विरोधाचा ठराव त्यांनी केला. हिंदू कोड बिलावर संसदेत वादळ होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्या परिषदेला पायी आलेली एखादी बाई, गावी परत गेल्यावर नवऱ्याशी काय बोलली असेल? यावर आपल्याकडे किती नाटके आहेत?

एक गोष्ट मात्र आपण जपून वाचली पाहिजे. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिले ते दुकानात बसल्याबसल्या, आणि लिहिलेले कागद नवऱ्यापासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले. पुढे मुलाखतीत त्यांनीच हे सांगितले. जी चळवळ जगाला सांगते की आम्हाला लिहू दिले नाही, त्याच चळवळीच्या घरात एका बाईला आपले लिखाण दडवावे लागले. आपल्या पुरुषांनी लिहिलेल्या कथांत वही लपवणारी बाई मला फार कमी भेटली. ती आपल्याच घरात होती, तरी दिसली नाही.

आता रमाईंकडे परत येतो. बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत त्यांनी रमाईंच्या मनाच्या चांगुलपणाचा, उदात्तपणाचा, शांत धीराचा आणि आपल्याबरोबर सोसण्याच्या तयारीचा उल्लेख केला आहे. तयारी हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. सोसणे नशिबाने वाट्याला येते, तयारी मनाने करावी लागते. नवरा सातासमुद्रापार असताना तुटपुंज्या पैशात घर चालवणे, काय विकायचे, काय राखायचे, कुणाकडे हात पसरायचा आणि कुणाकडे नाही, हे सर्व रोजचे निर्णय होते. आपल्या एकांकिकांत गोवऱ्या थापणारे हात येतात, हिशेब करणारे डोके येत नाही. सावित्रीमाईंचेही तेच. अंगावर शेण-चिखल झेलणारी सावित्री प्रत्येक नाटकात आहे. १८५४ साली 'काव्यफुले' हा स्वतःचा कवितासंग्रह प्रसिद्ध करणारी, रात्री दिव्यापुढे ओळ खोडून पुन्हा लिहिणारी सावित्री कुठे आहे?

आपल्या तरुण लेखकांना माझी विनंती आहे. बाई जरूर लिहा. बंदी घालणे हा मनूचा धर्म आहे, आपला नाही. आणि आपल्या लेखिकांनीही पुरुष लिहावेत, सभेत समतेवर बोलणारा आणि घरी ताट भिरकावणारा कार्यकर्ता लिहावा, त्याची उलटतपासणी करावी. ते आम्हाला झोंबेल. झोंबले तर ताराबाईंच्या वेळी जोतीराव कोणत्या बाजूला उभे होते ते आठवावे. पण पुरुष लेखकाने एवढे तरी करावे. लिहिलेला मजकूर छापायला किंवा तालमीला देण्यापूर्वी तीन बायकांना वाचून दाखवावा, आणि त्यातली एक तरी आपल्या घरातली नसावी, म्हणजे ती भीड धरणार नाही. पोटगीच्या त्या बाईप्रमाणे "ही कोन बाई?" असे कुणी विचारले, तर रागावू नये, पुन्हा लिहावे. आणि स्पर्धेचे आयोजक असाल तर गुणपत्रिकेत अभिनय, संवाद, नेपथ्य यांच्याबरोबर तो दुसरा रकानाही छापून घ्यावा, बाईने काय ठरवले?

आपण जगाकडे एकच मागणी करीत आलो. आमच्याविषयी बोलायचे असेल तर आमच्याशी बोला. ती मागणी आपल्या घरातील माय-बहिणींनी आपल्याकडे केली आहे, आणि ती आज केलेली नाही. उत्तर द्यायला आपण फार उशीर लावला आहे. पुढच्या ७ फेब्रुवारीला मला पुन्हा कुठे परीक्षक म्हणून बोलावले, तर कागदाच्या मागे मी तेच दोन रकाने आखणार आहे.

जय भीम!